गंधर्वांना घसा नसतो

गेल्या हिवाळ्यात इस्लामपुरात झालेल्या एका शालेय गायनस्पर्धेला आमच्यापैकी दोघे परीक्षक म्हणून बसले होते. (गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय सरकारने २०२५ मध्ये घेतला, आमच्या जिभेला अद्याप जुनेच सरावाचे आहे.) साहित्य शिकवणाऱ्यांना गाण्याचे परीक्षक का करावे, हा प्रश्न रास्त आहे. तालुक्याच्या गावात ‘जाणकार’ या एका शब्दात कवितेपासून रांगोळीपर्यंत सारे काही मावते, एवढेच त्याचे उत्तर.

चौदा वर्षांची एक मुलगी आली आणि तिने बागेश्रीतला मध्य लयीचा ख्याल मांडला. पट्टी काळी चार. मध्यमावर ती थांबली, आणि तिथून हलण्याची तिला मुळीच घाई नव्हती. या वयाची मुले सुरावर थांबत नाहीत. थांबले तर आपण विसरलो असे लोकांना वाटेल या धाकाने ती तानेकडे पळतात. ही थांबली. सभागृहातल्या खुर्च्यांचा आवाजही काही क्षण बंद झाला. मग टाळ्या झाल्या, सूत्रसंचालकांनी तिला ‘आपल्या वाळवे तालुक्याची बालगंधर्व’ अशी पदवी तिथल्या तिथे बहाल केली, आणि आग्रह सुरू झाला. एक नाट्यपद झाले. त्यानंतर एक जुने चित्रपटगीत झाले, तेही ट्रॅकवर. ट्रॅकची पट्टी मूळ गायिकेची. या मुलीच्या पट्टीपेक्षा पूर्ण एका स्वराने वर. तार षड्जाला आवाजाच्या कडेने हवा निसटताना आम्ही स्पष्ट ऐकली. ऐकूनही आम्ही दहापैकी नऊ गुण दिले, आणि प्रमाणपत्रावर आमच्याच हस्ताक्षरात लिहिले: ‘दैवी आवाजाची देणगी लाभलेली गुणी गायिका’. त्या आठवड्यातला तिचा तो चौथा कार्यक्रम होता, हे आम्हांला नंतर कळले. दोन महिन्यांनी असेही कळले, की तिचा आवाज सकाळी घोगरा आणि संध्याकाळी नाहीसा होतो. आणि घशात दुर्बीण घालून पाहणाऱ्या डॉक्टरांना स्वरतंतूंवर दोन बाजूंना दोन बारीक गाठी दिसल्या आहेत.

प्रस्तुत लेख त्या प्रमाणपत्रातील ‘दैवी’ या विशेषणाविरुद्ध आहे. ते विशेषण आम्ही लिहिले असल्यामुळे पहिला आरोपी कोण, याविषयी वाचकांनी संभ्रमात राहू नये.

मराठी माणसाला गाणारे मूल दिसले की गंधर्व आठवतो. नारायण श्रीपाद राजहंस यांना बालपणीच लोकमान्यांकडून ‘बालगंधर्व’ हे नाव मिळाल्याची कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतर रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व झाले, सातारा जिल्ह्यातले सौदागर नागनाथ गोरे छोटा गंधर्व झाले, शिवपुत्र कोमकाळी यांना एका स्वामींनी सात-आठ वर्षांच्या वयात कुमार गंधर्व करून टाकले. कौतुकाचा हा शब्द इतका गोड आहे की त्यातली मेख लक्षातच येत नाही. गंधर्व हा स्वर्गातला गायक. त्याला सर्दी होत नाही, त्याला मिसरूड फुटत नाही, त्याच्या आईला घरभाडे द्यावे लागत नाही, आणि तो चौथ्या कार्यक्रमाला दमत नाही. थोडक्यात, त्याला घसा नसतो. ज्याला घसाच नाही त्याच्या घशाची काळजी कोणी घ्यावी?

आणि हे सारे कुठे घडते आहे? इस्लामपूर मध्यभागी धरून तास-दीड तासाच्या प्रवासाचे वर्तुळ काढावे. कृष्णेकाठचे नागठाणे, राजहंसांचे गाव, त्यात येते. पलूस येते, ज्या गावाच्या नावावरून गाडगीळांच्या एका घराला पलुसकर हे आडनाव मिळाले. विष्णु दिगंबर जन्मले मात्र कुरुंदवाडला, १८७२ मध्ये. मिरज येते, जिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली, जिथे विष्णु दिगंबर त्यांच्यापाशी शिकले, आणि जिथे अब्दुल करीमखाँ यांनी बिऱ्हाड केले. कोल्हापूर येते, शाहूमहाराजांच्या पदरी असलेल्या अल्लादियाखाँचे. एवढ्या लहान प्रदेशात ख्यालगायनाचा एवढा मोठा इतिहास घडला असता, त्याच प्रदेशातल्या स्पर्धेत एका मुलीचा घसा तिच्या पट्टीबाहेर ताणला जातो आणि तीनशे माणसांतल्या एकालाही (आम्हां दोघांसह) ‘पुरे’ म्हणावेसे वाटत नाही, याची लाज आम्हांला आधी वाटते आणि राग त्यानंतर येतो.

राग आहे तो आपल्या वाङ्मयावर. संगीतावरचे आपले गद्य मोठे रसाळ आहे. गायकांची व्यक्तिचित्रे, मैफलींच्या आठवणी, मृत्युलेख यांचा मराठीत जेवढा साठा आहे तेवढा दुसऱ्या किती भारतीय भाषांत असेल याची शंकाच आहे. पण या गद्यात आवाज कसा येतो, ते पाहावे. तो मधाळ असतो, रेशमी असतो, गंगौघासारखा असतो, तेजाची शलाका असतो. तो शरीर मात्र कधीच नसतो. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त घराण्याच्या मुळाशी त्याच्या संस्थापकाच्या आवाजाचा धर्म असतो असे सूत्र मांडले, तेव्हा एक दार उघडले होते. आवाज विशिष्ट माणसाचा, विशिष्ट मर्यादांचा असतो आणि त्या मर्यादांतून शैली घडते, हे म्हणणे अलौकिकाच्या भाषेला सरळ छेद देणारे होते. अशोक रानडे यांनी तर आवाजाची जोपासना हा अभ्यासाचाच विषय मानला. पण साहित्याच्या वर्गात यांपैकी काय पोहोचले? विद्यार्थी अजूनही निबंधात ‘स्वर्गीय स्वर’ लिहितात, आणि आम्ही त्यावर बरोबरची खूण करतो.

तेव्हा थोडे शरीराविषयी. स्वरतंतू म्हणजे स्वरयंत्रातल्या दोन घड्या. प्रौढ स्त्रीच्या जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर लांबीच्या. काळी पाचच्या पट्टीत तार षड्ज लावताना त्या एका सेकंदात साडेचारशेहून अधिक वेळा एकमेकींवर आदळतात. तीन मिनिटांच्या चढ्या गाण्यात हे आदळणे हजारोंच्या घरात जाते. मोठ्या माणसाच्या स्वरतंतूंत थरांची एक रचना असते, जी हा मार सोसते. मुलांत ती रचना पौगंडावस्था संपेपर्यंत पुरती पक्की झालेली नसते. याच वयात मुलग्यांचा आवाज जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. मुलींचाही दोन-तीन स्वरांनी उतरतो, पण तो गाजावाजा न करता उतरत असल्यामुळे मुलींचा आवाज ‘फुटतच नाही’ असा एक समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या समजापायी मुलींना बदलाच्या ऐन काळातही कोणी सवलत देत नाही. गाठी होतात त्या अशाच माराने. तळहाताला घट्टे पडावेत तशा. सुदैवाने लवकर लक्षात आल्या तर विश्रांती आणि आवाज लावण्याच्या चुका दुरुस्त करणारे शिक्षण एवढ्याने बहुधा विरतात. पण ‘लवकर लक्षात येणे’ म्हणजे कोणीतरी तो आवाज देवाची देणगी म्हणून न ऐकता चौदा वर्षांच्या पोरीचा घसा म्हणून ऐकणे.

येथे एक आक्षेप ठरलेला असतो. गळा घासल्याशिवाय तयार होत नाही; बुजुर्गांनी काय कमी सोसले? अल्लादियाखाँचेच उदाहरण पुढे केले जाते. तरुण वयात एका छोट्या संस्थानात आश्रयदात्याच्या हौसेखातर ते इतके गायले की त्यांचा आवाज गेला. सुमारे दोन वर्षे तो नव्हता. परत आला तो पूर्वीचा राहिला नव्हता. मग त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी, लयीच्या पेचांतून आणि अखंड गुंफणीतून चालणारी गायकी त्यांनी रचली, आणि जयपूर घराणे उभे राहिले. गोष्ट खरी आहे, सांगायला फार देखणी आहे. पण ती ऐकून आम्ही मान डोलावतो तेव्हा नेमके कशाला दाद देत असतो? आश्रयदात्याच्या हौसेला? त्याच घराण्यात, दोन पिढ्यांनंतर, मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांचाही आवाज ऐन तारुण्यात गेला आणि जवळपास दोन वर्षांनी परतला. त्याही त्यातून वेगळ्या होऊन बाहेर आल्या, असे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. गंगूबाई हनगळ यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. ‘गांधारी हुबळी’ या नावाने निघालेल्या त्या मुद्रिकांत आवाज बारीक, उंच, चपळ आहे. पुढे टॉन्सिलवरच्या उपचारानंतर तो कायमचा जड झाला. त्या जड आवाजातून त्यांनी जे उभे केले त्यापुढे आम्हीही नतमस्तक आहोत. पण स्त्रीच्या गळ्याला ‘पुरुषी’ म्हणून नाके मुरडणारे श्रोतेही त्याच सभागृहांत बसत होते, हे त्या कौतुकात कोणी सांगत नाही.

ही तिन्ही उदाहरणे परत आलेल्या आवाजांची आहेत. जे परतले नाहीत त्यांचे नाव कोणत्या पुस्तकात आहे? संगीत नाटक मंडळ्यांच्या काळात दहा-बारा वर्षांची मुले गळ्यासाठी उचलली जात. त्यांतल्या ज्यांचा आवाज फुटला आणि पुन्हा जमला नाही, त्यांच्यासाठी एकही ‘गंधर्व’ शिल्लक राहिला नाही. आपले संगीताचे चरित्रवाङ्मय हे बुडून वर आलेल्यांचे वाङ्मय आहे. ते वाचून पाण्याची खोली कळत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा दोष ताबडतोब ओळखता यायला हवा, कारण निवेदनात कोण अनुपस्थित आहे हे विचारणे हा आपला रोजचा धंदा आहे. गाण्याविषयी लिहिताना आपण तो धंदा बाजूला ठेवतो आणि भक्त होतो.

भक्तीचे सर्वांत मोठे क्षेत्र अर्थात कुमार गंधर्व. त्यांच्याविषयी लिहिताना मराठी लेखकांच्या लेखण्यांनी जेवढी उंची गाठली तेवढी क्वचितच अन्यत्र गाठली असेल, आणि याच प्रकरणात आमच्या मते सर्वांत मोठी लबाडीही झाली. ती जाणूनबुजून झालेली नाही. कथा ठरलेली आहे: १९४७ च्या सुमारास, ऐन तेविशीत, कीर्ती दारात उभी असताना क्षय, १९४८ मध्ये हवाबदलासाठी देवास, एक फुप्फुस जवळजवळ निकामी, काही वर्षांचे सक्तीचे मौन, अंथरुणावर पडल्या पडल्या कानी येणारी माळव्याची लोकगीते, आणि १९५२-५३ च्या आसपास एक नवा गायक. येथवर सारे खरे. यापुढे निष्कर्ष येतो: रोगाने कुमार घडवले. अपुऱ्या श्वासाची तुटक, झडप घालणारी शैली झाली. वेदनेचे सोने झाले.

या निष्कर्षाला आमचा ठाम विरोध आहे. क्षयाने त्या काळी लाखो माणसे मारली, त्यांतल्या कोणालाही त्याने निर्गुणी भजन शिकवले नाही. कुमारांना वाचवले ते नव्याने उपलब्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनने, देवासच्या कोरड्या हवेने, आणि एका स्त्रीने. भानुमती कंस या स्वतः देवधरांच्याच शाळेत शिकलेल्या गायिका. १९४७ मध्ये लग्न झाले आणि लगोलग नवरा अंथरुणाला खिळला. देवासला त्यांनी शिक्षिकेची नोकरी करून घर चालवले, शुश्रूषा केली. १९६१ मध्ये बाळंतपणात त्या गेल्या. त्यांच्या स्वतःच्या गाण्याचे काय झाले? एका घरात दोन गळे होते. एक आजारी पडला आणि तो वाचवण्यासाठी दुसरा खर्ची पडला. रोगाला शैलीचे श्रेय देणारा समीक्षक या दुसऱ्या गळ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याच्या कथेत वेदना ही निसर्गाची कृपा असते, तिची किंमत कोणी दुसऱ्याने चुकती केलेली नसते.

तुटक श्वासाचा सिद्धान्तही पुन्हा तपासावा असा आहे. श्वास कमी झाल्यावर काय गाळायचे आणि काय ठेवायचे हे ठरवायला आधी पुष्कळ काही असावे लागते. कुमारांपाशी ते होते, कारण कोणीतरी त्यांना गंधर्वपणातून वेळीच सोडवले होते. ही गोष्ट कमी सांगितली जाते, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेला हा मुलगा सात-आठ वर्षांचा असताना थोरांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊ लागला. जशाच्या तशा म्हणजे मुद्रिकेतली तान, तिच्यातला ठेहराव, तिच्यातला शेवटसुद्धा. वडील त्याला घेऊन गावोगाव कार्यक्रम करू लागले. लोक थक्क होत. आजची मुले यूट्यूबवरचे गाणे हुबेहूब उचलतात आणि आपण थक्क होतो, त्यापेक्षा हे फार वेगळे नव्हते. १९३६ मध्ये मुंबईच्या एका संगीत परिषदेत हा मुलगा गायला आणि दिग्गजांची सभा हलली. यानंतर जे झाले ते आजच्या हिशेबाने वेडेपणाचे आहे. मागणी शिगेला असताना तो प्रा. बी. आर. देवधरांच्या मुंबईतल्या संगीतशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाला. हे देवधर मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबरांचे शिष्य. आवाज कसा निर्माण होतो, तो कशाने बिघडतो, याचा शोध घेणारे ते त्या पिढीतले दुर्मीळ अध्यापक. पाश्चात्त्य आवाजशास्त्राचाही त्यांनी मागोवा घेतला होता. मघाशी ज्यांचा उल्लेख केला ते अशोक रानडेही आवाजाचा हा अभ्यास त्यांच्यापाशीच शिकले. या शाळेत नकलाकार मुलाला पहिल्यांदा विद्यार्थी होण्याची मुभा मिळाली: चुकण्याची, न जमण्याची, अनेक घराण्यांचे गाणे ऐकून त्यातले काय आपले आणि काय उसने हे ओळखण्याची. मैफली पुरत्या बंद झाल्या नाहीत हे खरे. पण आता त्या शिकण्याच्या भोवती होत्या, शिकणे त्यांच्या भोवती नव्हते. कुमारांची खरी जडणघडण १९३६ नंतरच्या त्या दहा वर्षांत झाली. देवासच्या अंथरुणावर पडलेल्या तरुणाजवळ विचार करण्याजोगे काही होते, ते तेथून आलेले. क्षयाच्या जंतूने त्यात काहीही भर घातलेली नाही.

म्हणून ‘कुमार नाही का लहानपणीच गाजले’ असा दाखला देऊन आपल्या लेकराला स्पर्धांच्या वरातीत उभे करणाऱ्या पालकांना आम्ही विचारतो: तुमचे देवधर कुठे आहेत? महाराष्ट्रात दूरचित्रवाणीवरच्या बालगायकांच्या स्पर्धांनी २००८-०९ च्या सुमारास जे वेड लावले, त्या मुलांविषयी आमच्या मनात आकस नाही. त्यांतली काही पुढे निष्ठेने शिकली, चांगली गाऊ लागली. आकस आहे तो त्या रचनेविषयी, जिच्यात दर आठवड्याला नवे गाणे, नवी पट्टी, नवा पोशाख आणि नवे अश्रू लागत. त्याच रचनेच्या स्वस्त प्रती आज प्रत्येक तालुक्यात निघतात. गणेशोत्सव, नवरात्र, साखर कारखान्याच्या सभेआधीचा करमणुकीचा कार्यक्रम, नेत्याचा वाढदिवस. ध्वनिवर्धक इतका मोठा की मुलीला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि जो स्वतःला ऐकू शकत नाही तो ओरडतो, हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

दुसरी गळती याहून निमूट आहे. इस्लामपुरात, आष्ट्यात, शिराळ्यात गाणे शिकणाऱ्या मुली थोड्या नाहीत. शिकवणाऱ्या बाई असतात, हार्मोनियम असते, परीक्षाही असतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. शास्त्रीय संगीताच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षार्थी वाढले. आणि दहावीचा निकाल लागला की तंबोऱ्याच्या ॲपवर बोट ठेवणारी ती मुलगी दुसऱ्या दिवशी क्लासला येत नाही. गुण पदरात पडले, गाण्याचे काम झाले. ज्या दोघी-तिघी उरतात त्यांना सांगली-मिरजेला गुरूकडे जायचे, तर संध्याकाळची शेवटची एसटी आडवी येते. ती नाही आली तर स्थळ येते. या आवाजांना गाठी होत नाहीत. ते निरोगी अवस्थेतच बंद होतात. आणि हे ‘दैवी’ या शब्दाला फारच सोयीचे आहे. कारण देवाने दिले होते, देवाने नेले, मधल्या कोणाचे काही देणे लागत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही मुलांना गाऊच देणार नाही. तसे नाही. मुलांनी गावे, भरपूर गावे, सभेतही गावे. केसरबाई केरकर यांनी आवाज मनासारखा साथ देईना असे वाटताच, १९६०च्या दशकात, जाहीर मैफल थांबवली. थांबण्याचा तो अधिकार त्यांच्या वयाने, कीर्तीने आणि स्वभावाने त्यांच्याकडे होता. चौदा वर्षांच्या मुलीकडे तो नसतो. समोर मुख्याध्यापक, पाहुणे, मामा, कॅमेरा. ती ‘पुरे’ म्हणूच शकत नाही. म्हणून ते तिच्या वतीने म्हणणे हे परीक्षकाचे, गुरूचे, आईबापांचे काम आहे. आमचे ते काम होते. आम्ही गुण दिले.

ती मुलगी सध्या बरी होते आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या मौनाच्या आठवड्यात आमच्यातील एकजण तिला भेटायला गेली, तेव्हा ती वहीत लिहून बोलत होती. बहुतेक पाने ‘भूक नाही’, ‘दार लाव’ अशीच. एका पानावर तिने विचारले होते: मी गप्प बसून नुसता तंबोरा लावला तर चालेल का? आता ती तिच्या पट्टीत, मध्यमाच्या खाली खाली, दिवसातून थोडा वेळ गाते. तार सप्तकाचे नाव कोणी काढत नाही. आवाज पूर्वीसारखा होईल का, हे तिची आई विचारते आणि डॉक्टर ‘बहुतेक’ म्हणतात.

यंदाच्या स्पर्धेचे निमंत्रण आयोजकांनी पाठवले आहे. ती माणसे सज्जन आहेत, पदरमोड करून स्पर्धा भरवतात, आणि गेल्या वर्षी त्यांनी जे केले ते आमच्या देखत, आमच्या संमतीने केले. आम्ही कळवले आहे की मुलांना स्वतःच्या पट्टीत गाऊ द्यावे, ट्रॅक नको, एका मुलाने एकदाच गावे, व्यासपीठावरून कोणालाही कसलीही पदवी दिली जाऊ नये, आणि ज्यांचा आवाज बसला आहे त्यांना न गाता नुसते येऊन ऐकण्याचे बक्षीस असावे. शेवटची अट त्यांना विनोद वाटली, फोनवर हसले. बाकीच्यांवर विचार करून सांगतो म्हणाले.

दरम्यान आम्ही जुने प्रमाणपत्र तिच्या आईकडून परत मागून घेतले आणि नवे लिहून दिले. त्यावर असे आहे: ‘राग बागेश्री, मध्य लय. पट्टी काळी चार, हीच ठेवावी. मध्यमावरचा मुक्काम स्थिर व निर्भय. तारेत आवाजाबरोबर हवा येते; सक्ती करू नये. त्या दिवशी दुसरे व तिसरे गाणे गायला लावणे ही परीक्षकांची चूक.’ खाली दोघांच्या सह्या आहेत.